सोमेश्वर राजाने खरंच जलसमाधी घेतली का आणि एकसरचे वीरगळ त्याचेच का

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत परत मांडतो. बोरिवलीच्या एकसरला जे उंच कोरीव वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांचे स्मारक-दगड, उभे आहेत ते उत्तर कोकणावर राज्य केलेल्या शिलाहार घराण्याच्या शेवटच्या राजाचे, सोमेश्वराचे, आणि त्याने शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा समुद्रात जलसमाधी घेतली असं तुम्हाला एका हेरिटेज वॉकमध्ये सांगितलं, आता सोसायटीच्या गणपतीत "आपल्या भागाचा इतिहास" म्हणून बोर्ड लावायचेत, तर हे त्यात लिहिलं तर चालेल का. त्यावर एकाने शंभर टक्के खरं म्हटलंय, दुसऱ्याने सगळ्या थापा म्हटलंय. मला दोन्ही पटत नाहीत म्हणून लिहायला बसलो, जरा लांबेल.

मी बरीच वर्षं कोकणातले शिलालेख वाचतोय, ठसे घेतोय, वीरगळांची नोंद करतोय, त्यामुळे हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर फिरायचा सीझन सुरू झाला की कुणी ना कुणी विचारतंच. गोची अशी की हा एक प्रश्न वाटतो पण आत वेगवेगळे प्रश्न दडलेत. सोमेश्वर नावाचा राजा होता का, तो देवगिरीच्या महादेव यादव राजाकडून हरला का, तो पाण्यात बुडून मेला का, त्याने ते स्वतःहून केलं का, आणि ते दगड त्याच्या लढाईचे का. या प्रत्येकाला पुरावा वेगळा आहे आणि त्या पुराव्याचं वजनही वेगळं आहे, आणि वॉकमध्ये हे सगळं एका दमात सांगितलं जातं त्यामुळे पहिल्याचा पक्केपणा शेवटच्यालाही आपोआप चिकटतो.

राजा होता, यात शंका नाही. त्याचे स्वतःचे दोन शिलालेख आहेत, दोन्ही उरणच्या बाजूचे, एक रानवडचा शके 1181 चा आणि दुसरा चांजे गावचा शके 1182 चा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1259 आणि 1260. (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत असेल तर 79 मिळवावे लागतात, म्हणून पुस्तकांत कधी कधी 1259-60 असं जोडून दिसतं, त्याने गोंधळू नका.) या लेखांत तो स्वतःला महाराजाधिराज आणि कोंकणचक्रवर्ती म्हणवतो. हे नीट बघा, कारण याच घराण्याचे आधीचे राजे शेकडो वर्षं महामंडलेश्वर म्हणवत होते, म्हणजे कुणातरी मोठ्या सम्राटाच्या हाताखालचे, आधी राष्ट्रकूट मग चालुक्य. डोक्यावरचे सम्राट गेले तसे हे मोकळे झाले आणि बिरुदं फुगली. राज्य मात्र फुगलं नव्हतं, साधारण आजचा ठाणे-पालघर-मुंबई आणि रायगडचा पट्टा, ताम्रपटांत ज्याला चौदाशे गावांचं कोकण म्हणतात तो.

चांजेचा लेख मला फार आवडतो कारण त्यात शौर्य-बिर्य काही नाही. राजाने चांजे गावातल्या एका बागेचं ठरलेलं उत्पन्न, 162 पारुत्थ द्रम्म (तेव्हाचं नाणं), ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला लावून दिलं, एवढीच गोष्ट. पण यातून कळतं काय की 1260 मध्ये ठाण्याचं देऊळ उरणच्या बागेच्या पैशावर चालू शकत होतं, म्हणजे खाडीच्या दोन्ही तीरांवर एकच कारभार होता, बागेचं उत्पन्न मोजलेलं होतं, नाण्याचं नाव ठरलेलं होतं. ज्याचं राज्य पाच-दहा वर्षांत संपणार आहे तो राजा नेहमीसारखा कारभार करतोय. सोमेश्वराचं "चरित्र" म्हणाल तर त्याच्या स्वतःच्या तोंडून आपल्याकडे जवळपास एवढंच आहे, एका बागेचा हिशेब आणि बिरुदं.

आता हरण्याचा मुद्दा. देवगिरीचा महादेव यादव 1261 च्या सुमारास गादीवर आला आणि 1271 च्या सुमारास गेला. त्यानंतर रामचंद्र आला (आपला रामदेवराव), आणि शके 1194 म्हणजे 1272 चा एक ताम्रपट ठाण्यात सापडला, त्यात रामचंद्राच्या वतीने अच्युत नायक नावाचा अधिकारी साष्टीचा (ठाणे आणि मुंबईची उपनगरं आहेत त्या बेटाचा) कारभार बघताना दिसतो. पुढे 1290 चाही असाच एक ठाण्याचा ताम्रपट आहे, तेव्हा कृष्णदेव नावाचा अधिकारी होता. म्हणजे 1260 मध्ये ठाण्याच्या देवळाला सोमेश्वर दान देतोय आणि 1272 मध्ये त्याच ठाण्याच्या परिसरात यादवांचा माणूस दान देतोय. मधल्या बारा वर्षांत राज्य गेलं, आणि महादेवाच्या काळातच गेलं. हे पक्कं, यासाठी कुणाच्या काव्याची गरज नाही, दोन बाजूंचे दोन सरकारी कागद आहेत असं समजा.

वॉकमध्ये तुम्हाला या युद्धाची जी 1265 ही तारीख सांगितली ती मात्र कुठल्याही लेखात कोरलेली नाही. ती या मधल्या बारा वर्षांतून काढलेली अंदाजी तारीख आहे, पुस्तकांत "सुमारे 1265" असते आणि फॉरवर्ड होता होता सुमारे गळून पडतो. बोर्डवर लिहाल तर "1260 ते 1270 च्या दरम्यान" लिहा.

आता खरी मजा. पाण्यात बुडण्याची गोष्ट येते कुठून? ती कोकणातून येत नाही, देवगिरीहून येते. हेमाद्री पंडित म्हणजे ज्याच्या नावाने आपण कुठल्याही जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणतो तो, महादेवाचा श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य. त्याने चतुर्वर्गचिंतामणी म्हणून धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ केला आणि त्यातल्या व्रतखंडाच्या सुरुवातीला आपल्या मालकाच्या घराण्याची प्रशस्ती, म्हणजे स्तुतिकाव्य, घातली. यादवांचा बराचसा इतिहास आपल्याला या प्रशस्तीतून कळतो, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दख्खनचा इतिहास लिहिताना ती पहिल्यांदा नीट वापरली. त्यात एक श्लोक आहे, अर्थ असा की महादेवाच्या माजलेल्या हत्तींच्या गंडस्थळातून जो मद वाहिला त्याच्या नद्या झाल्या, आणि समुद्रात तरायला पटाईत असलेला कोकणचा राजा सोम त्या नद्यांत आपल्या सैन्यासकट बुडाला. "ममज्ज सैन्यैः सह" असे शब्द आहेत. दुसऱ्या एका जागी असं येतं की सोमेश्वराला महादेवाच्या प्रतापाच्या आगीपेक्षा समुद्राच्या पोटातला वडवाग्नी बरा वाटला.

परत वाचा ते. पहिल्या श्लोकात राजा समुद्रात बुडालेलाच नाही, हत्तींच्या मदाच्या नदीत बुडालाय! हा दरबारी चमत्कार आहे, ज्याचं सगळं बळ समुद्रावर त्याला आमच्या हत्तींच्या घामात बुडवला असा टोमणा. यातून सरळ अर्थ काढायचा तर एवढाच की लढाईत यादवांचे हत्ती होते, म्हणजे निदान एक झटापट जमिनीवर झाली आणि त्यात कोकणचं सैन्य पार मोडलं. दुसऱ्या श्लोकात मात्र समुद्र खरोखरचा आहे. दोन्ही एकत्र ठेवून भांडारकरांनी आणि पुढच्यांनी जो क्रम लावला तो असा, आधी जमिनीवर हार, मग राजा जहाजांवर चढून समुद्रात गेला, तिथेही पाठलाग झाला आणि तिथे संपला. मला हा क्रम पटतो. शिलाहारांसारख्या राजाने जमिनीवर हरल्यावर दुसरं करायचं काय, मागे सह्याद्री शत्रूच्या हातात आणि पुढे खाडी, तर तो तारवांकडेच धावणार.

आणि हे घराणं समुद्रावरच जगत होतं हे विसरू नका. खारेपाटणच्या 1094 च्या ताम्रपटात अनंतदेव शिलाहाराने दोन व्यापारी भावांना जकात माफ केलीय, त्यात ठाणे, नागाव, सोपारा, चौल या बंदरांची नावं येतात. त्याच्याही आधी अल-मसुदी हा अरब प्रवासी 916 च्या सुमारास चौलला आला होता आणि तेव्हाच्या राजाचं नाव त्याने जंजा असं लिहून ठेवलंय, तो म्हणजे झंझ शिलाहार. म्हणजे साडेतीनशे वर्षं तरी यांच्या तिजोरीत बंदरांचा पैसा येत होता. हेमाद्रीने सोमाला समुद्रात तरायला पटाईत म्हटलंय ते उगाच नाही, शत्रूलाही ते माहीत होतं.

पण यादवांकडे जहाजं आली कुठून असा प्रश्न तुम्हाला पडायला पाहिजे, मला अनेक जण विचारतात. देवगिरी समुद्रापासून लांब. माझा अंदाज असा की ती यादवांनी बांधलेली नव्हती, किनाऱ्यावरच्याच फुटलेल्या सरदारांची आणि बंदरकऱ्यांची असणार. कोल्हापूरच्या शिलाहारांचं राज्य सिंघण यादवाने 1212 च्या सुमारास भोज दुसऱ्याकडून घेतलं होतं, तेव्हापासून घाटाच्या दक्षिणेकडच्या वाटा यादवांना मोकळ्या होत्या. पन्नास वर्षांत किनाऱ्यावरचे लोक जोडायला वेळ भरपूर मिळाला. हा तर्क आहे, बोर्डवर टाकू नका.

आता हेमाद्रीवर विश्वास किती ठेवायचा? तो समकालीन आहे, राज्याच्या मध्यभागी बसलेला आहे, त्याला खबर पक्की असणार, हे त्याच्या बाजूने. पण तो पगारी आहे. याची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत मी वापरतो, त्याच प्रशस्तीतलं असं विधान शोधायचं ज्याची दुसरी बाजूही आपल्याकडे आहे. तेलंगणाबद्दल हेमाद्री म्हणतो की तिथल्या लोकांनी एका बाईला गादीवर बसवलं कारण त्यांना माहीत होतं महादेव स्त्रीवर शस्त्र उगारत नाही, आणि म्हणून महादेवाने तिला सोडलं, फक्त हत्ती आणले. ही बाई म्हणजे काकतीय रुद्रमादेवी. आता काकतीयांच्या बाजूची परंपरा ऐका, तिच्याप्रमाणे रुद्रमादेवीनेच महादेवाला हरवून पार देवगिरीपर्यंत पिटाळलं. बिदरच्या किल्ल्यात तिच्या सेनापतीचा शिलालेखही मिळालाय, म्हणजे ती यादवांच्या मुलखात शिरली होती एवढं दगडच सांगतो. तर हेमाद्रीची सवय लक्षात येते, जिथे मालकाला माघार घ्यावी लागली तिथे तो माघारीचं दाक्षिण्य करतो. पण जिथे राज्य खरंच जिंकलंय तिथे त्याला झाकायचं काही नाही, तिथे तो फक्त सजवतो. कोकणचं राज्य खरंच जिंकलं होतं (अच्युत नायक साक्षीला आहे) म्हणून सोमेश्वराच्या शेवटाबद्दल मी हेमाद्रीचा गाभा मान्य करतो आणि सजावट सोडून देतो. गाभा म्हणजे राजा युद्धात, समुद्रावर, आपल्या लोकांबरोबर संपला.

मग जलसमाधी? ती त्या वडवाग्नीच्या ओळीतून उगवली. कवी म्हणतो त्याला वडवाग्नी बरा वाटला, म्हणजे त्याने निवड केली असं दिसतं, आणि निवड केली म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच स्वाभिमानी राजा शत्रूला शरण न जाता समुद्रात पाऊल टाकतोय असं चित्र उभं राहतं. कवीला म्हणायचं होतं बरोबर उलटं! त्याला म्हणायचंय की बिचारा आमच्या राजाला एवढा घाबरला की आग परवडली पण महादेव नको. मला या राजाबद्दल सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की त्याची जी काही दंतकथा आहे ती त्याच्या शत्रूच्या दरबारात त्याची टिंगल म्हणून जन्मली, आणि साडेसातशे वर्षांनी त्याच्याच मुलखातले लोक ती त्याचा गौरव म्हणून सांगतायत.

आणि या घराण्यात हे पहिल्यांदा झालेलं नाही. सोमेश्वराच्या शंभर वर्षं आधीचा मल्लिकार्जुन घ्या, त्याचे चिपळूणचा 1156 चा आणि वसईचा 1161 चा असे लेख आहेत, सोमेश्वरासारखेच रुक्ष. पण गुजरातेत मेरुतुंग या जैन लेखकाच्या प्रबंधचिंतामणी या कथाग्रंथात तो एकदम सिनेमातला खलनायक होऊन येतो. त्याने राजपितामह (राजांचा आजोबा) असं बिरुद लावलं म्हणून गुजरातचा राजा कुमारपाल चौलुक्य चिडला, अंबड नावाच्या सेनापतीला पाठवलं, तो आधी हरला, लाजेने काळे कपडे घालून बसला, परत चाल करून गेला आणि मल्लिकार्जुनाचं डोकं सोन्यात मढवून पाटणला राजापुढे ठेवलं वगैरे वगैरे. तिथेही कोकणच्या बाजूची गोष्ट शून्य. उलट मल्लिकार्जुनानंतर लगेच अपरादित्य गादीवर दिसतो, राज्य शाबूत. म्हणजे शिलाहारांच्या कहाण्या सांगितल्या शेजाऱ्यांनी, त्यांनी स्वतः सांगितली ती एकच, जीमूतवाहनाची. प्रत्येक ताम्रपटाच्या सुरुवातीला असते ती, की आमचा मूळपुरुष विद्याधर जीमूतवाहन, त्याने शंखचूड नागाला वाचवायला स्वतःला गरुडापुढे ठेवलं. घराण्याच्या मुद्रेवरही गरुड असतो. वॉकमध्ये कुणी सांगितलं की शेवटच्या राजाने मूळपुरुषासारखंच आत्मार्पण केलं तर ऐकायला छान आहे, मीही ऐकलंय, पण ते जोडकाम आजकालचं.

आता दगडांकडे येतो, तुम्हाला रस त्यातच जास्त असणार.

ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये (सरकारी माहितीग्रंथात) एकसरला सहा दगडांची नोंद आहे, सगळ्यात मोठे जवळपास दहा फूट उंच. हे वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे आधी सांगतो कारण नव्वद टक्के लोक वरून सुरुवात करतात आणि मग काही लागत नाही. सगळ्यात खालच्या पट्टीत लढाई किंवा वीर मरून पडलेला, त्याच्या वर लढाईचा पुढचा भाग, मग अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, मग वर तो कैलासात पोहोचलाय, शिवलिंगाची पूजा चाललीय, आणि डोक्यावर कलश. एकसरला काही दगडांवर जमिनीवरची लढाई आहे आणि काहींवर चक्क समुद्रावरची, डोलकाठ्या असलेली उंच नाळेची जहाजं, एका बाजूला ओळीने वल्ही, वर धनुर्धारी. महाराष्ट्रात वीरगळ पैशाला पासरी आहेत, पण बहुतेक गाई पळवण्याच्या नाहीतर गावाच्या भांडणातल्या मरणाचे. आरमारी लढाईचे एवढे मोठे आणि एकाच जागी एवढे, ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. राजाची गोष्ट खोटी ठरली तरी हे दगड बघायला जावंच.

पण त्यांच्यावर वाचता येण्यासारखा लेख नाही, नाव नाही, शक नाही. सोमेश्वर-महादेव युद्धाशी त्यांना जोडलं ते विद्वानांनी, महामहोपाध्याय मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र छापले त्यांचं मत या बाजूला आहे, आणि कारण सरळ आहे, समुद्रावर मोठं युद्ध झालं असा लिखित उल्लेख आहे आणि समुद्री युद्धाचे मोठे दगड त्याच मुलखात आहेत, तर जोडी जुळते. वाईट तर्क नाही. पण गॅझेटियरने कोरीव कामाच्या शैलीवरून हे दगड अकराव्या-बाराव्या शतकातले धरले होते, म्हणजे सोमेश्वराच्या बरेच आधीचे. आणि त्या काळात उमेदवारांना तोटा नाही. माळव्याच्या परमार भोज राजाने 1020 मध्ये कोकण जिंकल्याचं पर्व साजरं करून दानं दिली, त्याचे ताम्रपट बांसवाडा आणि बेटमाचे आहेत, काहींनी एकसरचे दगड त्या स्वारीला लावलेत. गोव्याचे कदंब होते ज्यांचं आरमार नावाजलेलं होतं आणि ज्यांचं शिलाहारांशी वाजतच होतं. खारेपाटणच्या त्याच 1094 च्या ताम्रपटात घरच्याच भाऊबंदकीत कोकण उद्ध्वस्त झाल्याचं आणि अनंतदेवाने ते सावरल्याचं येतं. यातल्या कुठल्याही लढाईत जहाजं समोरासमोर आलेली असू शकतात.

शैलीवरून तारीख काढणं हे परिस्थितीवर अवलंबून असतं हे मान्य करतो. देवळाच्या खांबाची शैली बऱ्यापैकी सांगता येते कारण तारखा असलेली देवळं शेजारी आहेत, अंबरनाथला शके 982 म्हणजे 1060 चा लेख आहे, त्याच्याशी ताडून बघता येतं. वीरगळाचा कारागीर मात्र आजोबाने कोरलेली पट्टी नातू कोरत राहतो, घोडा तसाच, अप्सरा तशाच, शंभर-दीडशे वर्षं फरक कळत नाही. त्यात खाऱ्या वाऱ्याने झिजलेला दगड. म्हणून कुणी मला नुसता मोबाइलवर फोटो पाठवून विचारलं की हा कितव्या शतकातला तर मी उत्तरच देत नाही.

माझी स्वतःची अडचण शैलीपेक्षा वेगळी आहे आणि ती मी कुणी फारशी मांडलेली ऐकली नाही म्हणून इथे मांडतो. वीरगळ कोण उभारतो? मेलेल्याचे घरचे, नाहीतर ज्याच्यासाठी मेला तो मालक किंवा ते गाव. दहा फुटी दगड खाणीतून काढून, आणून, एवढं बारीक कोरून उभा करायला पैसा लागतो, कारागीर महिनोन्महिने पोसावा लागतो, आणि त्या जमिनीवर ज्याची सत्ता आहे त्याची निदान ना नसावी लागते. सोमेश्वर सैन्यासकट बुडाला आणि ठाणे-साष्टीत यादवांचे अधिकारी येऊन बसले, तर त्यानंतर एकसरला हरलेल्या बाजूच्या वीरांचे एवढे थोरले दगड कुणी आणि कुणाच्या पैशाने लावले? दोनच वाटा दिसतात. एक, दगड जिंकलेल्या बाजूचे आहेत, म्हणजे महादेवाच्या बाजूने समुद्रावर मेलेल्यांचे. म्हणजे तुम्ही ज्या दगडांना सोमेश्वराचं स्मारक म्हणून हार घालाल ते त्याला बुडवणाऱ्यांचे निघतील. दुसरी, दगड आधीच्या एखाद्या लढाईचे, जी कोकणवाल्यांनी जिंकली किंवा निदान जिच्यानंतर त्यांची सत्ता टिकली, आणि मग सोमेश्वराचा संबंध सुटतो. मला दुसरी वाट जास्त पटते, पण पहिलीही अशक्य नाही. जी तिसरी वाट सगळे सांगतात, की हे सोमेश्वराच्या शूर सैनिकांचे दगड, तीच मला सगळ्यात अवघड वाटते.

आणि राजाचा स्वतःचा वीरगळ असा प्रकार तसाही विरळा. वीरगळ हा बहुतेक वेळा सरदाराचा, नायकाचा, गावच्या माणसाचा असतो. त्यामुळे "राजाचा दगड" असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण विचारायला हवी होती, ती म्हणजे कोकणातल्या लोकांच्या आठवणीत हा राजा का नाही. चारशे-साडेचारशे वर्षं राज्य केलेलं घराणं, पण ठाणे-वसई-मुंबईच्या जुन्या गावांत जाऊन विचारा, शिलाहार म्हटलं तर कुणाला माहीत नसतं, बिंबराजा म्हटलं की लगेच गोष्ट सुरू होते. माहीमची बखर, राजवाड्यांनी 1924 मध्ये छापली ती, बिंबाला डोक्यावर घेते कारण गावोगावची कुळं आपण बिंबाबरोबर आलो असं सांगतात, वतन कुणी दिलं, पाठारे ही जात कुठून आली, सगळं त्याच्याशी जोडलेलं. कुळाचा हक्क ज्या राजाशी बांधलेला असतो त्याला लोक विसरत नाहीत. सोमेश्वराशी कुणाचा हक्क बांधलेला उरला नाही, त्याच्या बागेच्या द्रम्मांचा दगड होता तो उरणच्या मातीत पडून राहिला. म्हणून सोमेश्वराची "लोककथा" असं कुणी म्हणालं तर जरा थांबा. ती लोकांतून आलेली नाही, एका संस्कृत श्लोकातून अभ्यासकांच्या पुस्तकांत आणि तिथून वर्तमानपत्रं, वॉक आणि व्हॉट्सअॅपवर आली. त्यात वाईट काही नाही, फक्त वय कळलं पाहिजे, ही दंतकथा आपल्या पणजोबांपेक्षा फार जुनी नाही.

तर तुमचा बोर्ड. सणासुदीच्या बोर्डवर शंका-कुशंका कोण वाचणार हे मला कळतं, त्यामुळे मी लिहिलं असतं ते असं, हवं तर जसंच्या तसं घ्या:

"एकसरचे वीरगळ. युद्धात मेलेल्या वीरांची ही स्मारकं शिलाहार काळातली मानली जातात. काहींवर वल्ह्यांच्या जहाजांची समुद्री लढाई कोरलेली आहे, असे दगड महाराष्ट्रात फार थोडे. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर 1260 ते 1270 च्या दरम्यान देवगिरीच्या महादेव यादवाकडून हरला आणि समुद्रात बुडाला असं यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो. हे वीरगळ त्याच युद्धाचे असावेत असं काही अभ्यासक मानतात, काही त्यांना त्याहून जुने मानतात."

पाच वाक्यं आहेत, लहान मुलंही वाचतील, आणि उद्या कुणी अभ्यासक तुमच्या मंडपात आला तरी त्याला बोट ठेवायला जागा नाही. जलसमाधी, स्वाभिमान, आत्मार्पण हे शब्द गाळलेत ते मुद्दाम. जागा उरली तर चांजेच्या बागेची गोष्ट टाका, 162 द्रम्मांची, मुलांना नाणी आवडतात, आणि ती राजाच्या स्वतःच्या दगडावरची आहे.

बोर्डसाठी फोटो काढायला जाल तेव्हा भर दुपारी जाऊ नका, समोरून ऊन पडलं की सगळं सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरकं ऊन असताना जा, नाहीतर अंधार पडल्यावर एकाने टॉर्च दगडाच्या कडेने बाजूला धरायचा आणि दुसऱ्याने फोटो घ्यायचा, वल्ही अन् वल्हेकरी मोजता येतील इतके सुटे दिसतात. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू, पीठ, तेल, रंग काहीही लावू नका, आणि कुणी हौसेने शेंदूर लावत असेल तर त्याला गोड बोलून थांबवा, झिजलेल्या दगडाच्या भेगांत तो बसला की काढता येत नाही. जहाजांच्या पट्ट्यांचे स्पष्ट फोटो मिळाले तर इथेच टाका, प्रत्येक दगडावर जहाजं एकाच बाजूला तोंड करून आहेत की दोन बाजूंनी समोरासमोर, हे मला त्यात बघायचंय.